राजाच्या पादुका आणि सभापतींचे आसन

एका राज्यात राजा आणि सभा मिळून कारभार पाहत. सभागृहात राजाने अनवाणी यावे आणि त्याला पाहून सभेने उभे राहावे, अशी तिथली रीत होती. एके दिवशी राजा विक्रांतसेन रागाच्या भरात पादुकांसह आत शिरला. सभापती धुंडिराज बसूनच राहिले. सभागृहाच्या खांबात राहणारा मांत्रिक कोपला. "एकमेकांचा मान नको, तर एकमेकांचे बोलणेही नको!" असा त्याने शाप दिला. त्या क्षणापासून दोन्ही पक्षांना एकमेकांचे शब्द लांडग्यांच्या ओरडण्यासारखे ऐकू येऊ लागले. युद्ध पेटले.

सभागृह झाडणारी मैनावती कोणत्याच पक्षात नव्हती. तिला दोन्हीकडचे बोलणे समजे. पण तिचा बाप राजाच्या सैन्यात होता आणि भाऊ सभेच्या. उद्या ते दोघे समोरासमोर येणार होते.

तिने तुळईवरच्या धनेश पक्ष्याला उपाय विचारला.

"तीन कामे कर," धनेश म्हणाला. "राजाच्या पादुका आण. सभापतींचे आसन आण. मग ते दोघे आले, की चकार शब्द काढू नकोस."

"तिसरे तर सोपे आहे."

"बघू."

राजा नदीत स्नान करत होता. "पादुका पुसून आणते," ती पहारेकऱ्याला म्हणाली. पुढे सभेच्या छावणीत जाऊन तिने सांगितले, "आसनात ढेकूण झालेत, झटकून आणते."

"ने गं बाई," सेवक म्हणाला, "धुंडिराज कालपासून नुसते चुळबुळतायत!"

दोन्ही वस्तू घेऊन ती सभागृहात परतली, तेव्हा धनेश दोन्ही छावण्यांवरून ओरडत गेला, "चोर सभागृहात आहे!"

धुंडिराज धापा टाकत आले. बसायला आसन नव्हते, म्हणून उभेच राहिले. पाठोपाठ राजा अनवाणी धावत आला. दोघांनी तलवारी उपसल्या.

"कोणी पाठवले तुला? बोल!" राजा मैनावतीवर गरजला.

मैनावतीच्या ओठांवर शंभर शब्द आले. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. शेवटी राजा वैतागून धुंडिराजांकडे वळला.

"ही तुमची का हो?"

"नाही, महाराज. आम्हांला वाटले, आपली."

दोघेही थबकले.

"तुम्ही... बोललात?"

"आपणही, महाराज."

तलवारी म्यानात गेल्या. सांजवेळी बाप आणि भाऊ एकाच वाटेने घरी आले.

"बापावर भाला उगारणार होतास, गाढवा?"

"आणि तुम्ही काय फुले उधळणार होता, बाबा?"

मैनावती रडता रडता हसली.

त्या राज्यात राजा आणि सभा यांची भांडणे पुढेही झाली, कडाक्याची झाली. पण ती शब्दांनी झाली, आणि ती संपल्यावर सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.