पांढऱ्या ढलप्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायला आता कुणी उरलं नाही, आणि मला ते ठाऊक असल्याचा आव मीही आणणार नाही. मुलांनो, आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजोबांनो, गोष्ट काही हसायची नाही. पण ऐका.

त्या राज्यात नदीकाठच्या एका गावात दोघी बहिणी राहत. लाकडाचे ठसे कोरायचे आणि त्यांनी कापडावर नक्षी छापायची, हा त्यांचा धंदा. गावात मुलगी सासरी निघाली, की तिच्या अंगावर शेला घालत. त्या शेल्यावर नुसती फुलंपानं नसत, तिच्या माहेरची सगळी हकीकत असे. दारात कुठलं झाड, विहीर कशी, घरातलं कोण गेलं, कोण रुसून निघून गेलं, सगळं नक्षीत. परमुलखात गेलेल्या पोरीने शेला उलगडला, की तिला तिचं घर दिसावं.

म्हणून ठसा कोरण्याआधी बहिणी गिऱ्हाइकाला ओटीवर बसवत आणि सगळं विचारून घेत. लोक वैद्यापाशीही बोलत नसत ते यांच्यापाशी बोलत. न बोलून करतात काय? पोटातलं बाहेर काढल्याशिवाय नक्षी उठत नसे.

या घरात एक रीत होती, बापाने घालून दिलेली. शेला छापून झाला, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ठशावर रंधा मारायचा. नक्षी पार जाईपर्यंत. पडलेल्या ढलप्या त्याच्या ओंजळीत घालायच्या, त्याने त्या घरी नेऊन चुलीत टाकायच्या. गिऱ्हाईक विचारी, "तासलं?" बहिणी म्हणत, "तासलं." मगच शेला घडी करून हातात पडे. ठसे शिवणीच्या पांढऱ्या लाकडाचे असत, पण रंग पिऊन पिऊन ढलप्या लालभडक निघत. लालच निघाल्या पाहिजेत, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

थोरली बहीण या रितीत मुरलेली होती. धाकटीला मात्र ही रीत टोचायची. खरं सांगायचं, तर बोटांत जादू होती ती धाकटीच्याच. महिना महिना मान मोडून मोर कोरायचा, त्याच्या पिसातला डोळा जिवंत करायचा आणि मग आपल्याच हाताने त्याला खरवडून काढायचं! तिला प्रत्येक वेळी रडू फुटे.

एकदा राजधानीकडचा एक कापडाचा व्यापारी आला. "काम चांगलं करता म्हणे. दाखवा बरं काही," तो म्हणाला.

दाखवायला काय होतं? कोऱ्या भिंती आणि कोरी लाकडं. व्यापारी हसला आणि उठून गेला.

"जाऊ दे गं," थोरली म्हणाली. "गावाला ठाऊक आहे आपलं काम."

"गावाला ठाऊक असून काय करायचंय?" धाकटी म्हणाली, आणि त्या दिवशी जेवली नाही.

पुढे थोरलीच्या डोळ्यांत सारा पडला, तिला दिसेनासं झालं आणि सगळं काम धाकटीच्या हाती आलं. त्याच सुमारास डोंगरापलीकडून एक विधवा आपल्या लहान मुलीला घेऊन गावात राहायला आली. कुणाशी फारसं बोलत नसे. एके दिवशी ती ओटीवर येऊन बसली.

"पोरीसाठी शेला हवाय," ती म्हणाली.

"एवढ्या लहान पोरीला?"

"तिच्या लग्नापर्यंत मी असेन की नसेन, देव जाणे. तिला तिचं घर कुठलं ते कळायला हवं." मग तिने आवाज खाली आणला. "नवरा गेल्यावर दिराने सगळं बळकावलं. ते घर पोरीचं आहे, म्हणून त्याला पोर हवीय. तिला जिवंत ठेवील असं मला वाटत नाही. आम्ही इथे आहोत हे कुणाला कळू देऊ नका, बाई."

"इथलं बाहेर जात नाही," धाकटी म्हणाली. मनापासून म्हणाली.

तिने ठसा कोरला. पायऱ्यांची विहीर, तिच्यावर वाकलेली जोडचिंच, आणि दारावरचा दगडी मोर, ज्याचा तुरा वीज पडून तुटला होता. असं काम तिच्या हातून आधी कधी झालं नव्हतं. शेला छापला तेव्हा त्या विधवेने नक्षीवरून नुसता हात फिरवला आणि तिचे डोळे भरले.

"रीत आहे म्हणतात इथे," ती म्हणाली. "तासायची."

धाकटीने रंधा घेतला, ठसा पालथा धरला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवरून रंधा चालवला. पांढऱ्याशुभ्र ढलप्या पडल्या. गावातल्या कुणीही जागच्या जागी हात धरला असता. पण ही बाई परगावची होती.

"तासलं?" तिने विचारलं.

"तासलं," धाकटी म्हणाली.

आतून थोरलीने रंध्याचा आवाज ऐकला आणि तीही निर्धास्त झाली.

तो ठसा आतल्या भिंतीवर लागला, गावकऱ्यांना ओटीवरून दिसणार नाही असा. बाहेरगावच्या कुणी विचारलंच, तर धाकटी मान ताठ करून सांगे, "कुणाचा ते आम्ही सांगत नाही." आणि स्वतःशी म्हणे, यावर नाव कुठे लिहिलंय? नाव सांगितलं नाही, म्हणजे झालं.

व्यापारी पुन्हा आला. ठसा पाहून थक्क झाला. नमुना म्हणून रुमालावर छापून मागितला, तिने आनंदाने दिला. माणूस वाईट नव्हता हो. बाजारोबाजारी रुमाल दाखवून तो या गावाचं कौतुकच करत फिरला. फिरत फिरत डोंगरापलीकडच्या बाजारात गेला. तिथे एका माणसाने रुमाल हातात घेतला. विहीर पाहिली, जोडचिंच पाहिली, तुटक्या तुऱ्याचा मोर पाहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "कुठल्या गावचा?"

तो दीर होता.

तो गावात आला तेव्हा आई नदीवर धुणं धूत होती. मी मुलीचा काका, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. लोकांनी त्याला घर दाखवलं.

दुपारी ती विधवा ठशांच्या घरात आली. ओरडली नाही, रडलीही नाही. भिंतीवरच्या ठशाकडे बघत राहिली.

"पोर नेली," ती म्हणाली. "त्या ढलप्या चुलीत टाकल्या तेव्हा नुसता लाकडाचा वास आला होता, रंगाचा नाही. मला वाटलं, असाच येत असेल."

थोरली चाचपडत बाहेर आली. "कसल्या गं ढलप्या दिल्यास तू हिला?" तिने विचारलं.

विधवा शेला खांद्यावर टाकून डोंगराच्या वाटेने मुलीच्या मागे निघून गेली. पोर परत आली नाही. आईही आली नाही.

धाकटीने ठसा उतरवला आणि रंधा मारला. ढलप्या लालभडक पडल्या. त्या ओंजळीत घ्यायला कुणी नव्हतं. तिने त्या विधवेच्या रिकाम्या घरी नेल्या, विझलेली चूल पेटवली आणि जाळल्या. पण रुमाल डोंगरापलीकडेच राहिला. त्यावर कुठला रंधा चालणार?

त्यानंतर त्या ओटीवर पोटातलं सांगायला कुणी बसलं नाही. गावच्या मुली कोरे शेले अंगावर घेऊन सासरी जाऊ लागल्या. परमुलखात त्या शेला उलगडत आणि त्यात त्यांना काही दिसत नसे. राज्यात तिच्याइतकं सुंदर कोरणारं कुणी नव्हतं, आणि मरेपर्यंत धाकटीला पुन्हा कुणी कोरायला सांगितलं नाही.

तात्पर्य: कुणी कामापुरतं सांगितलेलं गुपित काम झाल्यावर ठेवून घेऊ नये; नाव झाकलं म्हणून माणूस झाकला जात नाही.