श्रेणिकचा डॅक आणि चाचांचा कान

"…म्हणजे लाडलेचाचांना आता काहीच ऐकू येत नाही? मग ती जवारी कोण…"

एवढं वाक्य गल्लीभर ऐकू गेलं. पिठाच्या गिरणीवर बायका ओरडूनच बोलतात, आणि नेमका तेव्हाच गिरणीचा पट्टा सुटला. गिरणी गप्प झाली, वाक्य मात्र चार शब्द पुढे गेलं.

तेवढ्यात बोलणारीला समोर श्रेणिक मगदूम दिसला. ती आपल्या डब्यातलं पीठ चाचपायला लागली. दुसरी म्हणाली, आज उकाडा फार आहे.

श्रेणिकनं छातीशी धरलेली पेटी जरा वर घेतली आणि तो पुढे निघाला.

वाक्य पुरं व्हायची त्याला गरजच नव्हती. उरलेलं त्याच्याजवळ त्या पेटीत होतं.

मिरजेतली ही तंबोरे करणाऱ्यांची गल्ली. लाडलेचाचा इथले जवारीचे कारागीर, वय अडुसष्ट. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती कानशीनं अशी घासायची की तार तिच्यावर नुसती टेकू नये, जरा रेंगाळावी. मग सूर फुलतो. ही जवारी. केसभर जास्त घासलं गेलं तर घोडी वाया जाते, घासलेलं हाड काही परत येत नाही. चाचांच्या हातची घोडी वाया गेल्याचं गल्लीत कुणी पाहिलेलं नाही, आणि गल्लीत न पाहिलेलं असं फारसं काही राहत नाही.

श्रेणिक सांगलीचा. घरी बसून कंप्युटरवर परदेशातल्या कंपनीचं काम करायचा आणि चार वर्षं दर शनिवारी चाचांकडे यायचा. कानाचा तयार होता, हे चाचा त्याच्यामागे चारचौघांत सांगायचे. तोंडावर मात्र कधी नाही. चार वर्षांत त्याच्या हातात आल्या त्या फुटक्या, टाकाऊ घोड्या. गिऱ्हाइकाच्या तंबोऱ्याची एकदाही नाही.

हे त्याला लागायचं.

गेल्या महिन्यात त्यानं नवा डॅक घेतला. डॅक म्हणजे मोबाइलमध्ये, कंप्युटरमध्ये गाणं नुसत्या आकड्यांचं असतं, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र. आधीचा त्याचा काडेपेटीएवढा होता. हा जेवणाच्या डब्याएवढा, आणि वजनाला वरवंटा. त्याच्या बायकोनं विचारलं होतं, हा गाणं म्हणतो की नुसतं ऐकवतो? कारण तेवढ्या पैशांत घरात दोन तंबोरे आले असते.

पण त्या डॅकला जाड हेडफोन लावले आणि श्रेणिकचं जगच बदललं. जुन्या मैफिलीत गाणाऱ्या बाईंच्या बांगड्या त्याला ऐकू आल्या. तबलजीनं मांडी बदललेली ऐकू आली. भेटेल त्याला तो सांगायचा, की तुम्ही जे ऐकताय ना, ते वरचं साल आहे.

आणि मग त्याला चाचांच्या तंबोऱ्यात खोट ऐकू आली.

हुबळीच्या गायिका विदुलाताईंसाठी चाचांनी तंबोऱ्यांची जोडी केली होती. आज संध्याकाळी त्यांची गाडी न्यायला येणार होती. मागच्या शनिवारी श्रेणिकनं दोन्ही तंबोरे स्वतः छेडून, चांगला माइक लावून त्यांचा आवाज टिपून घेतला होता. आठवडाभर डॅकवर ऐकला. एक तंबोरा स्वच्छ. दुसऱ्याचा खरज, म्हणजे शेवटची जाड तार, प्रत्येक फेरीला करकरत होता.

चाचांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

म्हणून तो आज हातात डॅकची पेटी आणि मनात निश्चय घेऊन आला होता. खोट आपण काढायची. चाचांचं नाव राखायचं. आणि हेही खरंच, की चाचांनंतर जवारीला कोण, या प्रश्नाचं उत्तर आज गल्लीला द्यायचं.

चाचा दुकानात मांडी घालून बसले होते. जोडी भिंतीला टेकवलेली होती.

श्रेणिकनं सगळं सांगितलं. कसं टिपलं, कितीदा ऐकलं, कुठे करकर येते. आवाज जरा वरचाच लावला होता त्यानं, गिरणीवरच्यासारखा. खरजाखालची घोडी पुन्हा घासावी लागेल, म्हणाला. आणि मग, न थांबता, की ते काम मी करतो.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कर," ते म्हणाले.

श्रेणिकला वाटलं होतं वाद होईल. त्याची चार वाक्यं तयार होती, ती तोंडातच राहिली. चाचांनी मागच्या फळीवरून आपली बारीक कानस काढली, मुठीला फडकं गुंडाळलेली, आणि त्याच्या हातात दिली. त्या कानशीला चार वर्षांत त्यानं फक्त तेल लावलं होतं.

"पण तुला काय ऐकू आलं, ते आधी मला ऐकव."

श्रेणिकनं पेटी उघडली. लॅपटॉप लावला, डॅक लावला. चाचांनी डॅकवरून बोट फिरवलं आणि काम सफाईचं आहे असं म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि हेडफोन चढवले.

इथं श्रेणिकनं एक गोष्ट केली. ती करायची त्यानं घरून ठरवली नव्हती. ती गिरणीवरून त्याच्याबरोबर आली होती.

एकेक कान तपासावा म्हणून त्यानं आवाज आधी फक्त डाव्या बाजूला सोडला.

पहिली तार पंचम… मधल्या दोन जोड… शेवटी खरज. पडद्यावर तारांच्या लाटा सरकत होत्या.

चाचा बसून होते.

अर्धं मिनिट गेलं.

"लावलंस का?" चाचांनी विचारलं.

श्रेणिकच्या हातातली कानस जड झाली. हेच तर त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि कळल्यावर त्याला कुठे तोंड लपवावं समजेना. आपण गुरूची परीक्षा घेतली, आणि गुरू नापास झाले. गिरणीवरच्या बायका खरं बोलत होत्या. वर्षानुवर्षं ज्याच्या कानाची शपथ घेतली तो माणूस…

"लावतो," तो म्हणाला, आणि दोन्ही बाजू सोडल्या.

चाचांनी डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला आणि हवेत तंबोरा छेडायला लागला. मधल्या बोटानं पंचम. मग पहिल्या बोटानं जोडाच्या दोन तारा. मग खरज.

खरजापाशी बोट अडलं.

पुन्हा पंचम. पुन्हा जोड, जोड… खरजापाशी बोट हवेतच थांबलं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं.

श्रेणिकला आवाज ऐकू येत नव्हता, तो तर चाचांच्या कानावर. त्याला फक्त पडदा दिसत होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पंचमाची लाट आणि चाचांचं बोट बरोबर यायचं. जोडाचंही. खरजाची लाट मात्र प्रत्येक वेळी बोटाआधी येऊन गेलेली असायची. आणि बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंच.

सात फेऱ्या झाल्या. सातही वेळा तसंच.

चाचांनी हेडफोन काढून मांडीवरच्या टोपीशेजारी ठेवले.

"मशीन फार चांगलं आहे," ते म्हणाले. "बोटाची कातडीसुद्धा ऐकू येते."

श्रेणिकनं आवाज बंद केला.

"वाजवणारा कोण आहे?"

श्रेणिक पडद्यावरच्या लाटा मागे सरकवायला लागला.

"तंबोरा ओळखला मी. वाजवणारा कोण?"

"मी, चाचा."

"खरजापाशी आलास की घाई करतोस. शेवटची तार म्हणून ओढून मोकळा होतोस, पाहुणा चप्पल शोधतो तसा. एवढी ओढल्यावर कुठलीही तार ओरडेल."

श्रेणिक म्हणाला, त्या स्वच्छ तंबोऱ्याचा खरज मग ओरडत का नाही? तोही मीच छेडला.

चाचांनी विचारलं, आधी कुठला छेडलास?

जो स्वच्छ होता तो आधी छेडला होता. हा नंतरचा. तोवर त्याला घरी जाऊन डॅकवर ऐकायची ओढ लागली होती. सहाची सांगली गाडी पकडायची होती. हे त्यानं चाचांना सांगितलं नाही, आणि चाचांनीही पुढे विचारलं नाही.

आठवडाभर त्यानं तो आवाज ऐकला होता. छतावरचा पंखा त्याला ऐकू आला होता. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, ती कडी ऐकू आली होती. चाचांच्या हाताची खोट ऐकू आली होती. स्वतःचं बोट काही ऐकू आलं नव्हतं.

"कानस तुझ्या हातात आहे," चाचा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मी कर म्हटलंय, ते मागे घेत नाही."

म्हणजे अजूनही करता येत होतं. चार वर्षं वाट पाहिलेली कानस होती, मुठीत होती, आणि समोर गिऱ्हाइकाची खरीखुरी घोडी. दोन ओढी मारल्या असत्या तरी श्रेणिकनं विदुलाताईंच्या तंबोऱ्याची जवारी केली असं म्हणता आलं असतं. गल्लीनं मानलं असतं. सांगलीनं तर मानलंच असतं.

त्यानं तो तंबोरा पुढे ओढून मांडीवर आडवा घेतला. कानस अजून उजव्या हातात होती, म्हणून ती डाव्या हातात घेतली. पंचम छेडला. थांबला. जोड… जोड… मग थांबला, इतका की त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. मग बोट नुसतं तारेवरून सरकवलं.

खरज उमलला. घागरीत पाणी भरत जावं तसा खालून वर आला, आणि करकर म्हणावी अशी त्यात तांदळाएवढीसुद्धा नव्हती.

दुकानात बराच वेळ तो सूर राहिला.

दारात गिरणीवरची बोलणारी बाई पिठाचा डबा कमरेवर घेऊन उभी होती. चाचांकडे तिचं काही काम नव्हतं. सूर विरला तेव्हा ती श्रेणिककडे बघून म्हणाली, आज चांगलं वाजतंय हो तुमचं, आणि काही झालंच नाही अशी निघून गेली.

श्रेणिकनं कानस फडक्यासकट फळीवर ठेवली. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या पोटात कुठेतरी अभिमानही होता. हा असा माणूस आपला गुरू आहे, आणि आपण त्याच्या दुकानात बसलो आहोत, याचा. तो कुणाला सांगता आला नसता.

पण एक गोष्ट त्याला अजून टोचत होती. ती विचारल्याशिवाय तो उठणार नव्हता.

"चाचा… डावा कान?"

"गेला."

"कधी?"

"बारा वर्षं झाली. ताप आला होता. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तू आज विचारलंस." चाचांनी डॅककडे हनुवटी केली. "त्याच्याकडून विचारलंस."

श्रेणिकनं मान खाली घातली. मनात हिशोब मात्र चालूच होता. बारा वर्षं. म्हणजे तो आला त्याच्याही आधीपासून. म्हणजे गेल्या बारा वर्षांतली एकूण एक जोडी. आणि जोडीची गोष्ट तर साधी नसते. गाणारा मधे बसतो, एक तंबोरा या अंगाला, एक त्या अंगाला, दोन्हींचा मिळून एक सूर व्हावा लागतो. त्यासाठीच तर लोक हुबळीहून, धारवाडहून, पार पुण्याहून चाचांकडे यायचे.

"मग जोडी कशी मिळवता तुम्ही?" त्यानं विचारलं. "मधे बसलात की एक तंबोरा तुम्हाला नीट ऐकूच येत नसणार."

"नाही येत."

"मग…?"

चाचांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"उठतो, आणि पलीकडे जाऊन बसतो."