ताठ शिक्का, तिरकी सही

दमयंती सिस्टर दवाखान्यातून निवृत्त होणार होत्या. अर्ध्या गावाची नाळ त्यांच्याच हातून कापलेली. हेमांगीची, तशीच नगराध्यक्ष प्रतापरावांचीही. गावाने आभाराचा मोठा फलक लावायचं ठरवलं. फलकाचं काम अक्षरं रेखाटणाऱ्या हेमांगीकडे आलं; तिने त्यासाठी स्वतः बनवलेला फॉन्ट वापरला. ब्रशने सहज ओढल्यासारखी मोकळी, जराशी कललेली अक्षरं: ‘सिस्टर, तुमच्यामुळे आम्ही आहोत!’

नमुना पाहून प्रतापरावांनी नाक मुरडलं. खुर्ची नवी, त्यामुळे मान जरा जास्तच ताठ.

“हे काय खरडलंय? नगरपालिकेचा फलक आहे! अक्षरं कशी शिपायासारखी ताठ हवीत. नाहीतर मंजुरी नाही.”

“बरं साहेब,” हेमांगी हसून म्हणाली, “तेवढं लेखी द्या.”

प्रतापरावांनी रुबाबात ‘नामंजूर’ लिहिलं, शिक्का मारला आणि खाली झोकदार सही ठोकली.

“साहेब, शिक्का चांगला ताठ आहे की! मग ही तिरकी सही कशाला?”

“अगं, शिक्का कुणीही मारेल! सही असली म्हणजे कळतं, माणूस स्वतः बोलतोय.”

“तेच तर! सिस्टरांचे आभार गाव स्वतः मानतंय, कचेरी नाही.”

प्रतापरावांनी आपल्याच सहीकडे पाहिलं. मग खो-खो हसले आणि त्यांनी तो कागद फाडून टाकला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी ब्रश मागून घेतला आणि फलकावर त्या कललेल्या अक्षरांखाली स्वतः सही केली. शिक्का नाही, पद नाही. सिस्टर त्यांना लहानपणी ज्या नावाने हाक मारायच्या, तेवढंच: ‘तुमचा पत्या’.