लुटकीचं दार आणि गाठींची दोरी

एक होती उंदरी. नाव तिचं लुटकी. माळावर तिचं बीळ. बिळात तिचं पिल्लू.

लुटकी गेली दाणे आणायला. लुटुलुटु गेली, लुटुलुटु आली. बघते तर काय? बिळावर हा मोठा दगड!

आतून पिल्लू म्हणालं, "चीं चीं! आई गं!"

सटवाजी पाथरवट गावाची वेस बांधत होता. दगड त्याचाच; लुटकी लुटुलुटु त्याच्याकडे.

"बाबा, दगड उचला! खाली माझं घर आहे!"

"छे गं! नुसत्या नजरेनं मापून बसवलाय. गुण्या वाकडा म्हणाला, तरच उचलीन."

"नजरेनं? वा रे वा!"

गुण्या म्हणजे लाकडी कोपरा. दगड सरळ की वाकडा, तो सांगतो. लुटकी लुटुलुटु गुण्याकडे.

"गुण्यादादा, बोल ना! पाथरवट दगड उचलेना, घर माझं उघडेना!"

"दोरी ताण घेईल, तेव्हा बोलेन."

लुटुलुटु गाठींच्या दोरीकडे.

"दोरीताई, ताण घे ना! गुण्या काही बोलेना, पाथरवट दगड उचलेना, घर माझं उघडेना!"

"खुंटी उभी राहील, तेव्हा घेईन."

लुटुलुटु खुंटीकडे.

"खुंटीबाई, उभी राहा ना! दोरी ताण घेईना, गुण्या काही बोलेना, पाथरवट दगड उचलेना, घर माझं उघडेना!"

"हातोडा ठोकेल, तेव्हा राहीन."

लुटुलुटु हातोड्याकडे.

"हातोडेमामा, ठोक ना! खुंटी उभी राहीना, दोरी ताण घेईना, गुण्या काही बोलेना, पाथरवट दगड उचलेना, घर माझं उघडेना!"

"मी झोपलोय. जा!"

"चीं चीं!" पिल्लू रडलं.

"पिल्लू अंधारात, आणि तू झोपलास?" लुटकीनं त्याचा लाकडी दांडाच दातांत धरला. कुरुम कुरुम! कुरुम कुरुम!

"अगं अगं, सोड! ठोकतो!"

ठक ठक ठक! खुंटी उभी राहिली. तिच्या दोघी बहिणी, दुसऱ्या खुंट्या, उभ्या राहिल्या. दोरीनं ताण घेतला. इकडे तीन गाठी, तिकडे चार गाठी, तिरक्या पाच गाठी. झाला नेमका काटकोन!

गुण्या बोलला, "दगड वाकडा! वाकडा!"

"अरेच्चा!" सटवाजीनं जीभ चावली. "आधी दोरी, मग दगड. मी उलटंच केलं!"

हय्या हुप्प! दगड उचलला. पिल्लू आईच्या कुशीत.

"आता सरळ बसवतो," सटवाजी म्हणाला.

"आणि माझं दार?" लुटकी हटेना.

सटवाजी हसला. दोरीच्या टोकाला खडू धरून दगडावर फिरवला. इकडून एक गोल रेघ, तिकडून एक गोल रेघ. वर दोघी भेटल्या, टोक झालं. छिन्नी चालली, टिक टिक टिक! दगडात दार झालं, दगड सरळ बसला.

गावाच्या वेशीला मोठी टोकदार कमान. लुटकीच्या दाराला एवढीशी टोकदार कमान.

पिल्लू आत गेलं. बाहेर आलं. आत गेलं. बाहेर आलं. अजून दमलं नाही!