देवकातळीची मोहर

शके सोळाशे सत्त्याण्णव, वैशाख महिना, उन्हाळ्याचा ऐन कडाका. आपण बसला आहात त्याच पारावर त्या महिन्यात गोतसभा, म्हणजे गावची न्यायसभा, भरली होती, असे सांगतात. देवकातळीच्या कागदांवर गावाची मोहर का नसते, हे पाहुणे विचारतात. त्याचे मूळ त्या सभेत आहे.

कोंडाई नावाची तरुण विधवा सभेपुढे उभी होती. तिला पाचवा महिना लागला होता. तिने नाव घेतले ते रायाजी पाटलाचे.

"पाटलाचं नाव घेतलं की बाळंतविडा आयता मिळेल, असा हिशेब दिसतो बाईचा!" एक पंच म्हणाले, आणि पार हसला.

"हसा, दादा," कोंडाई म्हणाली. "माझ्या दाराशी कोण यायचं, ते आळीतल्या कुत्र्यांना विचारा. परक्यावर भुंकतात ती. पाटलावर कधी भुंकली नाहीत."

पाटलाने ते नाकारले. तेव्हा रिवाजाप्रमाणे तिला दिव्य सांगितले गेले: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून लाखेची मोहर करायची, तिसऱ्या दिवशी पिशवी सोडायची. फोड आले तर ती खोटी. मग तिने गाव सोडायचे आणि आपली सहा वर्षांची लेक रंगू सासरच्यांकडे ठेवायची. मोहर मात्र गावात एकच होती, तीही पाटलाच्या हाती. यातली खोट कुणाच्या ध्यानी आली नाही.

कोंडाईने तुकडा काढला. ओरडली नाही, म्हणे. तिला देवळाच्या ओवरीत ठेवले. तिसऱ्या सकाळी ओवरीत पिशवी तेवढी होती. गाठ पक्की, लाख अभंग. आत हात नव्हता, बाईही नव्हती.

"पळाली, म्हणजे खोटी," पाटील म्हणाला. पंचांनी तसे लिहिले. पाटलाने मोहर दाबली आणि उचलली. लाखेवर अक्षरे नव्हती. एका लहान तळव्याच्या रेषा होत्या.

पुढे बारा वर्षे प्रत्येक कागदावर तोच तळवा उमटला. मोहर घासली, नवी पाडली, व्यर्थ. कसब्याच्या कचेरीने देवकातळीचे निवाडे परत धाडले. रात्री मोहरेच्या लाखेची थैली उबदार लागे, असे पाटलाची सून सांगे. इकडे रंगू उपवर झाली, पण "खोटारडीची लेक" म्हणून तिला कुणी पाहायलाही येईना.

अखेर म्हातारा रायाजी स्वतः पारावर चढला. सभेने त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

"ती खरं बोलली होती," तो म्हणाला. "माझ्या भीतीने तिचा हात भाजवला. लिहा."

पहिला निवाडा रद्द झाला, रंगूच्या आईचे नाव निर्मळ ठरले. त्या कागदावर मोहर करायला पाटलाचा हात धजला नाही. पंचांनी एकेक करून आपले अंगठे उमटवले. तेव्हापासून तीच रीत.

आजही एखाद्या बाईविषयी कुजबुज सुरू झाली की इथली जाणती माणसे आधी विचारतात, "पुरुष कोण? त्याला बोलू द्या." रायाजीने तोंड उघडले, तो दिवस शके सतराशे नऊ, मार्गशीर्ष वद्य पंचमीचा.