पट्ट्याचे दुसरे टोक

अमृतगीर महाराज शेवरगावी आले तेव्हा नदीकाठच्या जुन्या धर्मशाळेत उतरले. गावाने परोपरीने विनवले, तरी ते गावात राहायला गेले नाहीत. त्यांच्या दर्शनाला रोज येणाऱ्यांत लिंबाजी न्हावी होता. मनाचा निर्मळ, पण हाताचा जड. वस्तरा तो मुठीत आवळून धरी. पट्ट्यावर धार लावताना मनगट पिरगाळे, पाते चामड्यात रुते आणि मग दाढी करताना गिऱ्हाईक ओरडे.

त्या गावात एक रीत होती. न्हावी पट्ट्याचे एक टोक स्वतः धरी आणि दुसरे दाढीला बसलेल्याने ताणून धरायचे. एकदा धर्मशाळेत लिंबाजी नुसती धार लावत बसला होता, तेव्हा ते दुसरे टोक महाराजांनी धरले. त्याची धडपड पाहून महाराज म्हणाले, "लिंबा, मूठ सोड. पळून जातोय का वस्तरा? अंगठा आणि तर्जनी, एवढ्यातच राहू दे. जाताना पात्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला आला की बोटांत फिरव, पाठीवर वळू दे. आणि प्रत्येक वळणाला नाम घे."

लिंबाजीचा हात त्या दिवसापासून बदलला. गाव खूश झाला. एक माणूस मात्र खूश झाला नाही.

तो म्हणजे हैबतराव पाटील. विहिरीवरून चुलतभावाशी वैर झाल्यापासून त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. जेवण आधी स्वयंपाक्याला खायला लावी. निजायची खोली रोज बदली. लिंबाजी चुलतभावाचीही दाढी करतो, हे त्याला ठाऊक होते. एक दिवस पारावर लिंबाजीला धार लावताना त्याने पाहिले आणि तो थबकला.

"लिंब्या, परवापर्यंत मुठीत धरायचास. ही दोन बोटांची पकड कुणी शिकवली?"

"महाराजांनी, मालक."

"गोसाव्याला वस्तऱ्याची विद्या कशाला रे? जटा तर हातभर वाढल्यात!" पाटील हसला, पण डोळे हसले नाहीत. आधी भाऊबंद, मग न्हावी, आता गोसावी. त्याच्या मनात साखळी जुळली. गळ्यावर हलका हात चालावा म्हणूनच हा सराव, असे त्याने ठरवून टाकले.

"उद्या सकाळी माझी दाढी करायला ओसरीवर ये," डाव उघडा पाडायचा म्हणून तो म्हणाला. "माझे दोन गडी काठ्या घेऊन तुझ्या मागे उभे राहतील. रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी बायकापोरांसकट गावाबाहेर व्हायचं."

लिंबाजी धावत धर्मशाळेत गेला. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच सांगितले, "त्यांना पट्ट्याचं टोक धरायला सांग."

सकाळी लिंबाजीने हात जोडून टोक पुढे केले.

"माझे दोन्ही हात मोकळे हवेत," पाटील म्हणाला. "बांध त्या खांबाला."

पट्टा खांबाला बांधला. भीतीने लिंबाजीची मूठ पुन्हा आवळली. पाते चामड्यात रुतले.

"अरे वा! महाराजांचा चेला!" मागून एक गडी म्हणाला. "दाढी करतोस का बकरं सोलतोस?"

लिंबाजीने डोळे मिटले. मूठ उघडली. वस्तरा दोन बोटांत आला आणि प्रत्येक वळणाला ओठ हलू लागले.

"काय पुटपुटतोस?"

"नाम, मालक."

"मोठ्याने घे. मला ऐकू आलं पाहिजे."

एक गाल झाला. मग पाटलाने हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्यावर आला. इतक्यात लिंबाजीची करंगळी किंचित उचलली गेली. हलक्या हातात ती उचलली जातेच. पाटलाला मात्र ती घावाची खूण वाटली. त्याने झडप घालून लिंबाजीचे मनगट धरले आणि हिसडा दिला. वस्तरा गळ्यावरून आडवा सर्रकन गेला.

गडी किंचाळले. पाटलाने दोन्ही हात गळ्याला लावले, मग डोळ्यांसमोर धरले. हातांवर नुसता साबणाचा फेस होता!

"हातचलाखी!" तो ओरडला. "उलटा फिरवलास तू!"

"देवाशपथ, मालक, बोटं जागची हलली नाहीत."

पाटलाने वस्तरा हिसकावून दंडावर टेकवला. केस अलगद उतरले. धार लख्ख होती. मग त्याला दिसले, पात्याच्या कडेने ताज्या रक्ताची बारीक रेघ होती. त्याने लिंबाजीचे हात उलटसुलट करून पाहिले. गड्यांचे पाहिले. कुणालाही ओरखडा नव्हता.

"मग हे कुणाचं?"

लिंबाजीने नदीकडे, धर्मशाळेच्या दिशेने पाहिले. यातही काही डाव असणार, असे म्हणत पाटील अर्ध्या दाढीने, गळ्यावर फेस तसाच, तडक धर्मशाळेकडे निघाला. मागे गडी आणि पट्टा छातीशी धरलेला लिंबाजी.

महाराज ओट्यावर बसले होते. गळ्याला भगवी चिंधी होती. पाटलाने विचारले नाही, पुढे होऊन ती सरळ ओढली. खाली आडवी, बारीक, ओली जखम होती. जिथे वस्तरा पाटलाच्या गळ्यावरून गेला, तिथेच!

महाराज म्हणाले, "बसा पाटील. अर्धी राहिली की तुमची."

पाटील उभाच होता.

"संशय घ्या हवा तर," महाराज शांतपणे म्हणाले. "पण वस्तरा गळ्यावर असताना हात धरू नये. आम्हाला लागतं."

काय बोलावे! ज्याने वर्षानुवर्षे कुणापुढे मान लववली नव्हती, त्या हैबतरावाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. फेस पायांना लागला, तोही त्याने आपल्या उपरण्याने पुसला. मग तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि लिंबाजीकडे हात पुढे केला.

"दे ते टोक, लिंबाजी," तो म्हणाला. "मी धरतो."