शिंगरांची दावण

“पण एकानंही आमीन का म्हटलं नाही, बाबा?”

विचारणारा होता तोगान. मंगोलांचा सरदार, ऐन तारुण्यातला, नाकावर माशी बसू न देणारा. आणि ज्यांना विचारलं ते इलयास बाबा, त्या डोंगरउतारावर राहणारे म्हातारे फकीर. बाबा झोपडीबाहेर बसून चामड्याची उसवलेली बादली शिवत होते. खाली कुरणावर उतरत्या उन्हाचं पिवळं धुकं पसरलं होतं, आणि तोगानच्या घोड्या त्यात पाण्यावर तरंगल्यासारख्या चरत होत्या.

या मुलखावरचं कराखिताईंचं राज्य पडलं त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पडलं म्हणजे काय, लढाई कसली! तिथं गादी बळकावून बसलेल्या राजानं मशिदींना कुलपं घातली होती. मंगोल आले आणि त्यांनी दवंडी पिटली, ज्यानं त्यानं आपापल्या देवाला भजावं. झालं! लोकांनीच वेशी उघडल्या, राजा पळाला, आणि पिकलं फळ ओंजळीत पडावं तसं हे खोरं तोगानच्या हाती आलं.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर बाबांनी या नव्या धन्यासाठी दुवा मागितली. तेव्हा अख्खी मशीद गप्प बसून राहिली.

“मी बाहेर घोड्यावर होतो, बाबा. मला फक्त वारा ऐकू आला...”

“हं.”

“वेशी त्यांनीच उघडल्या ना? मी एक तरी घर जाळलं? एका तरी बाईला कुणी हात लावला?”

“नाही.”

“मग? रोज येतात, वाकतात, जमिनीकडं बघत निघून जातात. माझ्या तोंडाकडं कुणी बघत नाही.”

एवढा मोठा सरदार, पण त्याला खरंच लागलं होतं ते.

“तुम्ही त्यांना जरा... म्हणजे, यंदा गवत चांगलं आहे, कुणाचा जाच नाही...”

“अरे लेका, ताकाला आलास तर भांडं कशाला लपवतोस? तुला आमीन हवंय.”

तोगाननं मान खाली घातली. “हवंय.”

“रोज वाकायला येतात म्हणालास. कशासाठी येतात?”

आता मात्र गडी खुलला.

“ती आमची युक्ती, बाबा! शिंगरू दावणीला बांधलं की घोडीला बांधावं लागत नाही. जाईल तिथं जाऊ दे, फिरून येतेच. मी घराघरातलं एकेक पोर माझ्या छावणीत आणून ठेवलंय. खाऊनपिऊन मजेत आहेत. उद्या त्यांना डोंगरापलीकडं खानाच्या तळावर धाडणार. म्हणजे बंडाची काळजीच मिटली. तीही रक्ताचा थेंब न सांडता!”

बाबांची सुई थांबली.

त्यांनी दोरा दातानं तोडला, बादली उचलली आणि ते उतार उतरू लागले. तोगान बुचकळ्यात पडून मागोमाग गेला.

खाली दावणीला शिंगरं बांधलेली होती. त्यांच्या आया धारेच्या वेळेला चरून एकेक करत परतत होत्या. बाबांनी एका भुऱ्या घोडीखाली बसकण मारली आणि धार काढायला घेतली.

काही आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं... तरी काही आलं नाही. घोडीनं शेपटीचा असा फटकारा दिला की बाबांची टोपी गवतात जाऊन पडली.

तोगानला हसू आवरेना.

“अहो बाबा, जन्मात कधी धार काढलीय का? आधी शिंगरू सोडा! त्यानं चार घोट प्यायल्याशिवाय ही पान्हा सोडायची नाही. माझी आई तर...”

तो मधेच थांबला. कितीतरी वर्षांत त्यानं आईला पाहिलं नव्हतं. आता त्या पिवळ्या धुक्यात ती गुडघा टेकून बसलेली त्याला दिसली. बाह्या वर सारलेल्या, हाताला दुधाचा वास.

“आई काय?”

“आई घोडीला गाणं म्हणायची... आणि दिवस मावळला की सगळी शिंगरं सोडून द्यायची. रात्रभर आपापल्या आईजवळ.”

“मोकळी?”

“मोकळी.”

“मग सकाळी?”

“सकाळी...” तोगान घुटमळला. “सकाळी येतात, बाबा. आपणहून येतात.”

बाबांनी टोपी झटकून डोक्यावर घातली.

“आणि ती पोरं? त्यांना आणल्यापासून कितीदा सोडलंस?”



दिवस मावळतीला आला. त्याची माणसं दावणीची शिंगरं सोडू लागली. सुटलं ते शिंगरू आईकडं धावत होतं, ढुशा देत होतं. घोड्या हलकेच फुरफुरत होत्या. पलीकडं पोरांच्या तंबूचा पडदा कुणीतरी बाजूला केला होता आणि ती सगळी दाटीवाटीनं उभी राहून बघत होती. त्यांच्यातलं कुणीही हसत नव्हतं. एक चिमुरडी तेवढी धावणारं एकेक शिंगरू बोटानं दाखवत होती.

तोगान त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

“बाबा...” त्याचा आवाज अगदी खाली आला होता. “आज पोरं सोडली, आणि उद्या कुणीच आलं नाही, तर?”

बाबांनी रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

“आज तरी कुठं भरलीय?”